दोन जावांचा रक्तदाब

रक्तदाबाच्या नव्या गोळीवर डॉक्टरबाईंचं तीन वर्षांचं संशोधन संपत आलं होतं. त्यात दोन सख्ख्या जावाही होत्या. एकीच्या डब्यात खरी गोळी, दुसरीच्या डब्यात दिसायला तशीच, पण बिनऔषधाची. तरी दोघींचा रक्तदाब अगदी सारखा उतरलेला पाहून बाई चक्रावल्या.

“गोळ्यांची अदलाबदल नाही ना केलीत?”

“छे हो!” थोरली म्हणाली. “पहिल्याच दिवशी दोन्ही डबे एकत्र केले. एकीला खरी, एकीला खोटी, घरात असा दुजाभाव बरा दिसतो का? आता तर अख्ख्या गल्लीची मिळून एकच बरणी आहे.”

डॉक्टरबाईंना दरदरून घाम फुटला. त्या मटकन खुर्चीत बसल्या.

धाकटीनं लगबगीनं पर्समधून डबी काढली. “बाई, तुम्ही दोन घ्या. एखादी तरी खरी निघेल.”