कच्च्या डाळीतली आमसुलं

दळव्यांच्या वाचनालयात पुस्तक परत करताना चारचौघांत मत सांगावंच लागे. नाहीतर दळवी दुसरं पुस्तक हातात ठेवत नसत. आज वाचनालयाचा शेवटचा दिवस, म्हणून जुने वाचक आपापल्या आवडत्या पुस्तकांवर बोलत होते.

भास्करराव मासिकाआड तोंड लपवून बसले होते, अगदी तरुणपणी बसत तसे. संस्कृतच्या या मास्तरांनी टोपणनावानं एक गुप्तहेराची कादंबरी लिहिली होती आणि बायकोलाही पत्ता लागू दिला नव्हता. आज कुणीतरी त्या कादंबरीची आठवण काढावी, एवढीच त्यांची आस होती.

"आणि तो तस्कराकडे आचारी बनून राहिलेला गुप्तहेर? काय थरार होता हो!" कुणीतरी म्हणालं.

मासिक सुखावून जरासं खाली आलं.

"कसला थरार?" शेजारी बसलेल्या कुमुदताई, म्हणजे खुद्द त्यांची बायको, फणकारल्या. "मेला कच्च्या डाळीत आमसुलं टाकतो. ती डाळ जन्मात शिजेल का? तस्करानं पहिल्याच घासाला पकडला असता त्याला!"

सगळं वाचनालय खो खो हसलं. मासिक पुन्हा वर गेलं.

घरी जाताना कुमुदताई म्हणाल्या, "लग्नानंतर मी तापानं निजले होते, तेव्हा अश्शीच आमटी करून वाढली होतीत मला. कादंबरीत ती पुन्हा भेटली आणि लेखक सापडला."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"लोकांची मतं ऐकून घरी येताना तुम्ही शीळ घालत यायचात. ती मला थांबवायची नव्हती."