करंगळी

सॉफ्टबॉलपटू ऋतुजाच्या अभिनंदनाचा फलक सात रस्ता चौकातून अजून उतरला नव्हता, तोच शेजारीण मोबाईल घेऊन तिच्या आईच्या दारात आली. "तुमच्या ऋतुजाचं ऐकून माझ्या पोरीनं बारीक व्हायच्या ह्या गोळ्या खाल्ल्या. चक्कर येऊन पडली की." आईनं मोबाईलवरची गोळ्यांची जाहिरात पुन्हापुन्हा बघितली. चेहरा ऋतुजाचा, आवाजही तिचाच. पण डबी धरलेला हात बघून तिला शंका आली. चेंडू अडवताना मोडलेली ऋतुजाची करंगळी वाकडीच जुळली होती. इथं तर सगळी बोटं सरळ होती. "ही आमची पोरगी न्हाय. कुणीतरी कॉम्प्युटरवर बनवलंय." शेजारणीला पटेना. आईनं तिच्यासमोरच लेकीला स्पीकरवर फोन लावला. "तुझ्या नावानं खोटी जाहिरात फिरतीय गं. करंगळीवरनं वळखलं मी." पलीकडनं ऋतुजा म्हणाली, "आई, करंगळी कंपनीवाल्यांनी नंतर कॉम्प्युटरवर सरळ केली. वाकडी बरी दिसत नव्हती."