परतीचे भाडे

१२ मार्च २१०४, सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटे. विषुववृत्तावरच्या उद्वाहकाने चारशे किलोमीटर चढून आलेल्या भिकाजी सोनवडेकरांच्या टेम्पोतून गुळाच्या ऐंशी ढेपा आकाशतळावर उतरल्या. ही त्यांची इथली पहिलीच फेरी; वर येताना माल मिळाला होता. रिकामे परतणे मात्र त्यांना परवडणारे नव्हते.

"मॅडम, परतीचं भाडं आहे का काही? नसेल तर ही पहिली फेरीच शेवटची. टेम्पो विकून टाकतो."

तळावरच्या मीनल घरत हसल्या. "विकताय कशाला, काका? इथून रिकामं उतरायला बंदीच आहे. रहाटाला दोन्हीकडे पोहरे असावेत, तसं आहे हे. तुमचं वजन खाली जाईल, तेव्हाच दुसऱ्याचा माल वर चढेल."

"पण भरू काय?"

"चंद्रावरून इथं येऊन पडलेला दगड. तुमच्या नातवंडांनाही पुरेल!"

टेम्पो उतरू लागला. खाली निळी पृथ्वी बाक घेऊन पसरली होती. अर्ध्या वाटेवर शेजारच्या दोराने एक अनोळखी टेम्पो वर येताना दिसला. त्याला भिकाजींचेच वजन उचलत होते. त्यांनी सवयीने डिपर दिला. समोरचेही दिवे लुकलुकले. भिकाजींचे हात आपोआप जोडले गेले.

त्या वर्षी त्यांच्या दोनशे बारा फेऱ्या झाल्या. रिकाम्या परतीच्या फेऱ्या : शून्य.