फी कंपनीकडून

सुवर्णा कामगार न्यायालयात पोचली तेव्हा तिची केस मिटून दोन तास झाले होते.

गंगाधरराव वकील बाहेर व्हरांड्यात आपल्या टेबलाशी चहा पीत होते. त्यांनीच तिला तीनला ये म्हणून निरोप धाडला होता. सकाळपासून उगाच खोळंबून राहू नये म्हणून. मखमलाबादहून येताना तिनं नेहमीसारखी मेथीची पिशवी आणली होती. सहा वर्षं झाली, तिची तारीख असली की वकिलांच्या घरी भाजी विकत आणावी लागत नसे.

तडजोड झाली, वकील म्हणाले. कंपनी वीस हजार देणार. तिच्या सहीवाचून काही अडलं नाही. पहिल्या दिवशी तिनं ज्या वकीलपत्रावर सही केली होती, त्यातच तडजोडीचा अधिकार त्यांना दिलेला होता.

"आन् दादा, मशीनवर कधी जायचं?"

केस तेवढ्यासाठीच होती. सातपूरच्या त्या कारखान्यात एकाच प्रेस मशीनवर दिवसा ती, रात्री भिमाजी. माल तेवढाच निघायचा, पगार मात्र त्याचा दीडपट. तिनं कारण विचारलं, तर कंपनीनं तिला गेटबाहेर काढलं. तिला तीच मशीन परत हवी होती, भिमाजीच्या पगारावर. कामावरचा निळा ॲप्रन तिनं धुऊन, घडी करून ठेवला होता.

वकिलांनी समजूत घातली. नोकरीचं आता मनातून काढून टाकायचं. शिवाय बाईचं काम हलकं होतं, एवढं लिहून द्यावं लागलं. त्याशिवाय कंपनीचा साहेब चेकबुक उघडेना. निकाल आपल्याच बाजूनं लागणार असं मागच्या तारखेला तुम्हीच म्हणला होता, याची तिनं आठवण करून दिली. लागलाच असता, वकिलांनी कबूल केलं. पण मग कंपनी हायकोर्टात गेली असती, अजून चार वर्षं गेली असती.

"आन् तुमची फी?"

"तुझ्याकडून एक पैसा घेणार नाही म्हटलं होतं ना? नाही घेतला. कंपनीकडूनच वसूल केली. पस्तीस हजार, वेगळा चेक."

दिलेला शब्द पाळल्याचं समाधान त्यांच्या चेहऱ्यावर होतं, आणि त्यात खोट काढायला जागा नव्हती. शब्द रुपयाला रुपया पाळलेला होता.

सुवर्णानं विचारलं, हलकं काम होतं असं लिहिलं, ते माझ्या नावानं लिहिलं का. वकील म्हणाले, तुझ्याच नावानं, दुसऱ्या कुणाच्या लिहिणार.

चहा संपवून त्यांनी सवयीनं पिशवीकडे हात केला. सुवर्णानं पिशवी मागं ओढली.

"पाच रुपये जुडी, साहेब."

ते हसले. ती हसेना, तेव्हा त्यांनी शेजारच्या टेबलाकडे चोरून पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"अगं, माझ्याकडूनही घेणार?"

सुवर्णानं टेबलावरची फाईल बाजूला सारली आणि तिथं एकेक जुडी मांडायला घेतली.

"आमच्याकडं सगळ्यांना एकच भाव हाय."