गाडी मीच चालवतो

“आबा, डोळे उघडा. ॲपला झोपलेला माणूस चालत न्हाई.”

सोपानरावांनी उशीवरून मान उचलली. धनेशने मोबाईल बापाच्या तोंडासमोर धरला. एकदा समोर, एकदा डावीकडे, एकदा पापणी मिटून. हिरवी खूण आली तसा त्याने उभ्याउभ्याच चहा घशाखाली ओतला.

पिंपळे गुरवच्या त्या खोलीत रोज सकाळी हाच कारभार. परमिट, बॅज, ॲपवरचा आयडी, सगळं सोपानरावांच्या नावावर. मोतीबिंदूने त्यांना समोरचा हंडा दिसत नव्हता, पण कागदावर ते चाकणच्या पट्ट्यात रोज बारा तास टॅक्सी हाणत होते.

धनेशला बॅज मिळत नव्हता. चार वर्षांपूर्वी कंत्राटी पोरांनी कंपनीच्या गेटवर ठिय्या दिला, त्यात पोलिसांनी त्याचं नाव चढवलं. केस अजून उभी. केस असलेल्याला चारित्र्याचा दाखला नाही, दाखला नसलेल्याला बॅज नाही. नियम म्हणे प्रवाशांच्या सुरक्षेसाठी. आंधळा चालतो, भांडलेला चालत नाही.

गेल्याच आठवड्यात दुसऱ्याच्या आयडीवर चालवणारे तिघे भोसरीत पकडले होते. गाड्या ओढून नेल्या त्या नेल्याच. ही गाडी गेली तर घरची चूल गेली.

“कुणी चौकशीला आलं तर?” धनेशने दारातून विचारलं.

“मीच सोपान. गाडी मीच चालवतो. दुसरा कुणी हात लावत न्हाई.”

“मग आत्ता घरी कसे?”

“गाडी धुवायला दिलीया. जेवायला आलोय.”

“शाबास. शाळेत एवढं पाठ केलं असतं तर कलेक्टर झाला असता.”

“मग तुला कोण विचारत व्हतं रं?”

धनेश हसत जिना उतरला.

दुपारी दार वाजलं. सून वर्षालीने उघडलं. दारात हवालदार, हातात फाइल.

“सोपान भिमाजी शेलार यांचं घर हेच?”

वर्षालीने मान डोलावली. सोपानरावांनी चष्मा चढवला आणि खुर्चीतच ताठ बसले.

“मीच सोपान. या.”

हवालदार बघतच राहिला. त्याने फाइलमधला फोटो काढून तोंडाशी ताडून पाहिला.

“तुम्ही? नक्की?”

“मग काय भूत दिसतंय का?”

“तसं नाही, बाबा. ती पांढरी टॅक्सी कोण चालवतं?”

“मीच चालवतो.”

“आज कुठंय?”

“धुवायला दिलीया. जेवायला आलोय.”

हवालदाराने फाइलचं पान उलटलं. “घरातलं दुसरं कुणी चालवतं का? मुलगा वगैरे?”

“ते कंपनीत जातात,” वर्षाली घाईने बोलली. “त्यांना गाडी येतच नाही.”

“विचार करून सांगा, ताई. मी लिहून घेतोय.”

“लिवा की,” सोपानराव म्हणाले. “दुसऱ्या कुणाला आमी किल्ली देत न्हाई.”

हवालदाराने लिहिलं. त्याने बोट ठेवलं तिथे सोपानरावांनी अंदाजाने सही केली. पाठ केलेलं एक अक्षर हललं नव्हतं. गाडी वाचली होती.

वर्षालीने पाणी दिलं. हवालदाराने टोपी काढून घाम पुसला, तांब्या रिकामा केला.

“सुटलो बघा. सोपानराव गेले हे घरच्यांना कुठल्या तोंडानं सांगायचं म्हणून मघापासून खालीच उभा होतो. अकराला कुरुळीजवळ तुमची गाडी कंटेनरखाली गेली. आतल्या माणसाचं तोंडच राहिलं नाही, आणि ॲपवर नाव तुमचं.” त्याने फाइल बंद केली. “चोरीची तक्रार तेवढी संध्याकाळपर्यंत देऊन जा. त्याला आम्ही बेवारस लावतो.”