कोपऱ्यातली चौकट

“धडधडीत खोटं बोलतो तो माणूस,” मुलाने हातांनी सांगितलं. वडिलांनी डोळे मिटून घेतले.

ते जन्मापासून ठार बहिरे होते. वाद नकोसा झाला की डोळे मिटायचे. मग समोरच्याने हात दुखेपर्यंत खुणा केल्या तरी उपयोग नाही. मुलाने टेबलावर थाप मारली. भांडी हादरली. वडिलांनी एक डोळा किलकिला केला.

“तुमचा विभाग बंद करायचं कोणी ठरवलं? त्यानेच ना?”

वडील सरकारी छापखान्यात पुस्तकं बांधत. बांधणीच्या खोलीतले सगळे कामगार बहिरेच. यंत्रांच्या खडखडाटाचा त्यांना त्रास नाही, म्हणून त्यांना तिथे बसवलेलं. महिनाअखेरीला खोलीला कुलूप लागणार होतं. हुकुमावर सही त्याच माणसाची, सत्तेतल्या नेत्याची होती. तरीही परवाच्या मतदानाला खोलीतले सगळे मिळून त्यालाच मत द्यायला निघाले होते.

“दुसरं काहीतरी काम देईल तो,” वडील म्हणाले. नेत्यासाठी त्यांची खूण होती, छातीवर ठेवलेला तळवा. “मनाने चांगला आहे. आणि बोलतो किती शांतपणे. शिवीगाळ नाही, उगाच पाल्हाळ नाही.”

मुलाने कपाळाला हात लावला. मग बहिणीकडे वळून तो तोंडाने बोलला.

“बघितलंस? शांतपणे म्हणे. एक वाक्य धड पूर्ण करता येत नाही त्याला. माईक फुटेल असा केकाटतो. ताई, हे सगळं तुझ्यामुळे.”

“मी काय केलं?”

“तू त्याला माणसात आणलंस.”

तिने टेबलावरची ताटं उचलली. चॅनेलवर नेत्याचं भाषण सुरू झालं की पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात एक लहानशी चौकट उमटायची. त्या चौकटीत काळा सदरा घालून ती उभी असायची आणि तो बोलेल ते हातांनी सांगायची. तो एका विषयावरून दुसऱ्यावर उड्या मारी, मधेच कुणाची तरी आई काढी, वाक्य तिथेच टाकून देई. असलं अर्धवट बोलणं हातांनी सांगितलं तर बघणाऱ्याला काही म्हणजे काही कळत नाही. म्हणून ती त्यातून अर्थ वेचून काढी आणि तेवढाच मांडी. शहरातली सगळी बहिरी माणसं तिच्या भरवशावर बातम्या बघत. भाऊ अधूनमधून नोकरी सोड म्हणायचा. सोडली तर चौकट रिकामी राहील, हे तिला ठाऊक होतं.

“मागच्या आठवड्यातलं सांग त्यांना,” भाऊ म्हणाला. “माझ्यावर त्यांचा विश्वास नाही. तू सांग.”

“कशाला? आता या वयात?”

“परवा मत देऊन येतील, म्हणून.”

मागच्या आठवड्यात नेत्याने भर सभेत छापखान्याचा विषय काढला होता. बोलता बोलता तो थांबला आणि घशातून आवाज काढू लागला. बोलता न येणारी माणसं काढतात तसले, घुसमटलेले. मैदान खो खो हसलं. स्टुडिओत तिने कानात लावलेल्या इअरफोनमध्ये तो हशा भरून आला. तसले आवाज ती लहानपणापासून रोज ऐकत आली होती. त्याच आवाजात तिला झोपेतून उठवलं जायचं. तिचे हात छातीसमोर तसेच राहिले. मग नेता हसू दाबत म्हणाला, “नाही हो, त्यांना आम्ही विसरणार नाही.” मैदानात पुन्हा हशा पिकला. वाक्य मात्र पूर्ण होतं. ते तिने सांगितलं.

आता तिने हातातली ताटं खाली ठेवली. वडिलांच्या समोर खुर्ची ओढून बसली.

“बाबा, त्याने तुमची नक्कल केली. सभेत. तुमच्यासारखा आवाज काढला. लोक हसले.”

वडील तिच्या हातांकडे बघत राहिले. मग त्यांनी विचारलं, “माझा आवाज कसा आहे?”

तिने भावाकडे पाहिलं. भाऊ खिडकीशी जाऊन उभा राहिला.

मग वडिलांनी मान हलवली. “तुझी काहीतरी गफलत होते आहे. ते भाषण मी पाहिलंय. खोलीतल्या सगळ्यांनी एकत्र बसून पाहिलंय.”

“त्याचं तोंड पाहिलंत तेव्हा?”

“त्याचं तोंड बघून आम्हाला काय कळणार? आम्ही तुझ्याकडे बघतो. तो म्हणाला, त्यांना आम्ही विसरणार नाही. आणि म्हणताना तो रडला.”

“रडला?” भावाने पुढे होऊन हातांनी विचारलं. “तो? कधी?”

वडिलांनी हात पुढे केला. डिंकाने कडक झालेलं बोट त्यांनी मुलीच्या डोळ्याखाली टेकवलं आणि गालावरून हळूच खाली आणलं.

“असा.”

“बाबा, ती मी होते. मी रडत होते.”

लहान मुलाची समजूत काढावी तसे वडील हसले. “त्या चौकटीत हात तुझे असतात. चेहरा बोलणाऱ्याचा असतो. तूच नाही का सांगितलंस आम्हाला?”

तिने हात मांडीवर ठेवले.

“आमच्यातले निम्मे तर त्याच्या विरोधातच होते,” वडील म्हणाले. “ते रडणं पाहिलं, आणि मत कुणाला द्यायचं ते ठरलं.”