खुणेपर्यंत

टिपेनेनं लोडरचं बकेट कुरणांवर खत उधळणाऱ्या विमानाच्या टाकीवर उलटं केलं आणि वर चांगलं झटकलं. सुपर फॉस्फेट शेवटच्या मुठीपर्यंत आत गेलं. दिवसाची ती पहिलीच खेप. नायरी चहाचा थर्मास घेऊन गाडीतून उतरत होती. ते पाहून ती तशीच लोडरकडे धावली.

"किती घातलंस?" तिनं इंजिनाच्या आवाजावर ओरडून विचारलं.

"बॉइडनं बोटं दाखवली तितकं. बकेटातल्या लाल खुणेपर्यंत." टिपेने हसला. "मनगट मोडलंय तर घरी बस की गं. तुझ्या नवऱ्याला उपाशी नाही धाडत मी."

लग्न झाल्यापासून बॉइडचं विमान नायरीच भरत आली होती. हात मोडला म्हणून आज टिपेनेला बोलावलं. तोही या कामात मुरलेला माणूस.

बॉइड काही हुल्लडबाज वैमानिक नव्हता. उलट त्याच्या काटेकोरपणाची सगळ्या खोऱ्यात थट्टा व्हायची. रोज उजाडताच तो टेकडीवरची ती उताराची गवताळ पट्टी पायी चालून जायचा. तळहातानं दव बघायचा, वारा बघायचा. मग कडेला एक पांढरा पिंप मांडायचा. पिंपापाशी पोचेतो चाकं हलकी झाली नाहीत तर सगळं खत तिथल्या तिथं सोडून द्यायचं, हा त्याचा नेम. पिंपाची जागाही तो उगीच ठरवत नसे. आधीच्या खेपांना तेवढंच खत घेऊन विमान कुठं उचललं, ते धरून हिशेब करी.

आणि विमान उचलायचंही झकास. "माझी म्हातारी भरल्या पोटी नाचते," असं तो मित्रांना ऐकवायचा. खताचा ढीग मात्र दर वेळी ठरल्यापेक्षा जास्त खेपा खायचा. ट्रकवाला दिलदार आहे, जास्तच खत टाकून जातो, असं म्हणून बॉइड हसायचा. नायरी पाठ फिरवून चहा ओतायला लागायची.

पलीकडच्या खोऱ्यात असंच खत उधळणारा वैमानिक डेस्मंड गेला, तेव्हापासून तिच्या जिवाला घोर लागला होता. त्याचं भरलेलं विमान उचललंच नाही. मयतीला आलेल्यांसाठी सँडविचं नायरीनंच केली. घरी येऊन ती बॉइडला म्हणाली होती की आपण थोडं कमी भरत जाऊ. तो म्हणाला, मी हिशेब करूनच भरतो, हिशेबावर भरवसा ठेव. विषय तिथंच संपला.

टिपेनेला ती काही सांगणार तोच विमान सुटलं. नायरीनं थर्मास टाकला आणि पट्टीच्या कडेनं धावत सुटली. प्लास्टरमधला हात उंच करून हलवू लागली. बॉइडनं काचेतून तिला पाहिलं. हसून त्यानंही हात हलवला.

पिंप आला. चाकं अजून गवतावरच होती. बॉइडनं जराही उशीर केला नाही, हे तिनं डोळ्यांनी पाहिलं. ठरवल्याप्रमाणे पिंपापाशीच त्यानं खत सोडायचा दांडा ओढला. विमानाच्या पोटातून खताचा करडा लोट सुटला. पण पुढं पट्टी उरलीच नव्हती. कुंपणाची तार तुटली, विमान घळीत दिसेनासं झालं आणि समोरच्या उतारावरच्या मेंढ्या एकदम पांगल्या.

टिपेने तिच्याआधी खाली पोचला. त्यानं तिला जवळ जाऊ दिलं नाही.

दुपारपर्यंत आसपासची माणसं जमली. नवा माणूस होता, जास्तच भरलं असणार, अशी कुजबुज सुरू झाली. टिपेनेच्या कानावर ती जात होती. लोडरच्या चाकाला टेकून तो बसला होता आणि बकेटच्या आतल्या लाल खुणेवरून पुन्हा पुन्हा बोट फिरवत होता.

नायरी त्याच्यापाशी येऊन बसली. तिला रडूही येत नव्हतं.

"देवाशपथ सांगतो," तो म्हणाला, "त्यानं मागितलं तेवढंच घातलं मी. खुणेपर्यंत. चमचाभरही जास्त नाही."

नायरीनं त्याचा हात खुणेवरून काढून आपल्या हातात घेतला. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "तू बरोबरच भरलंस, टिपेने. डेस्मंड गेल्यापासून खुणेपर्यंत मीच कधी भरलं नव्हतं."